आप्तांचें चरित्र : साक्ष आणि वकिली

मराठी वाचकाला चरित्रग्रंथांची गोडी फार दिवसांची आहे. ज्या घरांत कादंबरी मुलांच्या हातीं देण्यापूर्वीं वडील माणसें ती एकवार चाळून पाहत, त्या घरांतही चरित्राला कपाटांत मानाची जागा असे. या आवडत्या वाङ्मयप्रकाराचा एक पोटभेद मात्र टीकाकारांकडून उपेक्षित राहिला आहे. तो म्हणजे आप्तानें लिहिलेलें चरित्र; आणि त्यांतही, ज्याच्या नांवावरून राजकारणांत दोन तट पडलेले आहेत अशा मनुष्याचें, त्याच्या पत्नीनें, भावानें, पुत्रानें अथवा नातवानें लिहिलेलें चरित्र. असें पुस्तक हातीं आलें कीं ‘घरच्याच माणसानें लिहिलेलें, तेव्हां एकांगी असावयाचेंच’ एवढ्या एका वाक्यांत त्याची वासलात लावण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. हा निकाल घाईचा आहे असें आम्हांस वाटतें, व तो घाईचा कां आहे हें कांहीं प्रत्यक्ष पुस्तकांच्या आधारें दाखवावें असा या लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न केवळ ग्रंथालयांतील नव्हे. आम्ही राहतों तें मीरा-भाईंदरच घ्या. खाडीकांठचीं हीं गांवें व मिठागरें वाढतां वाढतां २००२ सालीं येथें महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत येथील वस्ती आठ लाखांवर भरली. येथील मराठी कुटुंबांपैकीं पुष्कळ कुटुंबें गिरगांव, लालबाग, परळ सोडून किंवा कोंकणांतून व घाटावरून येऊन स्थिरावलेलीं आहेत. अशा घरांतून जरा जपून चौकशी केली तर काय आढळतें ? कोणाच्या आजोबांचें घर १९४८ सालीं गांधीहत्येनंतरच्या जाळपोळींत भस्म झालेलें असतें, तर कोणाचे आजोबा त्याच जमावांत होते असें गांव बोलत असतें. कोणाचे काका संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत तुरुंगांत गेलेले असतात, तर कोणाचे त्याच वेळीं काँग्रेसची बाजू धरून भाऊबंदांत अप्रिय झालेले असतात. कोणाचे वडील १९८२ च्या गिरणी-संपांत अखेरपर्यंत टिकलेले, तर कोणाचे मध्येंच कामावर गेले म्हणून चाळींत वाळींत पडलेले. या माणसांविषयीं घरांत बोलणें निघतें तें हळू आवाजांत, आणि पाहुणा आला कीं तेंही थांबतें. शिवाय बिऱ्हाड लहान जागेंत हलवितांना ट्रंका हलक्या कराव्या लागतात, व प्रथम रद्दींत जातात तीं जुनीं पत्रें. तेव्हां अशा माणसाविषयीं घरच्यांनीं लेखणी उचलावी कीं नाहीं, आणि उचलल्यास ती कशी चालवावी, हा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांच्या दारांत आज उभा आहे.

आप्ताजवळ असें काय असतें कीं जें परक्या चरित्रकाराजवळ नसतें ? परक्याजवळ वर्तमानपत्रें असतात, सभांचे वृत्तांत असतात, न्यायालयाचे कागद असतात. परंतु व्यासपीठावरून उतरून घरीं आलेला मनुष्य जेवावयास बसला तेव्हां त्याचा चेहरा कसा होता, ज्या निर्णयाचें त्यानें चारचौघांत समर्थन केलें त्या निर्णयाच्या आदल्या रात्रीं तो झोंपला होता कीं नाहीं, हें त्याला कळण्याचा मार्ग नाहीं. तें एकट्या घरच्या माणसाला ठाऊक असतें, आणि तें माणूस गेलें म्हणजे ती माहितीही जाते. आप्ताच्या लेखनांतील धोका प्रेमाचा आहे असें सामान्यतः समजतात. आमच्या मतें प्रेमानें चरित्र बिघडतेंच असें नाहीं. तें बिघडतें वकिलीनें. वकील आपल्या पक्षकाराच्या सोयीचे पुरावे पुढें मांडतो, गैरसोयीचे मागें ठेवतो, आणि त्याच्या धंद्याच्या नीतींत तें बसतेंही. साक्षीदाराचें काम निराळें. आपण कोठें उभे होतों, काय पाहिलें, काय केवळ ऐकलें, एवढें त्यानें सांगावयाचें असतें; मग तें आपल्याच माणसावर उलटो. म्हणून अशा प्रत्येक पुस्तकास आम्ही एकच प्रश्न विचारतों : चरित्रनायकाच्या विरुद्ध वापरतां येईल असें कांहीं या लेखकानें आपण होऊन वाचकाच्या हातीं दिलें आहे काय ?

इंग्रजी वाङ्मयाशीं परिचय असलेल्यांस या प्रसंगीं विन्स्टन चर्चिल यांनीं लिहिलेलें आपल्या वडिलांचें चरित्र आठवेल. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल यांनीं १८८६ च्या डिसेंबरांत अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, व त्या एका कृत्यानें त्यांचें राजकीय आयुष्य जवळजवळ संपलें. १८९५ सालीं ते वारले. मुलानें त्यांचें द्विखंडात्मक चरित्र १९०६ सालीं प्रसिद्ध केलें. आणि तत्पूर्वीं दोनच वर्षें, म्हणजे १९०४ सालीं, तो मुलगा स्वतः वडिलांचा हुजूर पक्ष सोडून उदारमतवाद्यांस मिळाला होता. पक्षाशीं न पटलेल्या पित्याचें समर्थन करतांना पुत्र आणखी कोणाचें समर्थन करीत असावा, हें ओळखण्यास फार चातुर्य नको. ग्रंथ भाषेच्या दृष्टीनें उत्तम आहे. परंतु तो वाचीत असतां आपण न्यायालयांत बसलों आहों याचा विसर पडत नाहीं. याच्या अगदीं उलट टोंक पाहावयाचें असेल तर जर्मनींतील निक्लास फ्रांक यांचें पुस्तक पाहावें. व्याप्त पोलंडचा नाझी अधिपति हान्स फ्रांक यास न्यूरेंबर्ग येथें १९४६ सालीं फांशी झाली. त्याच्या मुलानें १९८७ सालीं बापाविषयीं जें पुस्तक लिहिलें त्याच्या ओळीओळींतून संताप उसळतो. तो संताप न्याय्य आहे याविषयीं शंका नाहीं. तथापि फिर्यादीचा वकील हाही वकीलच. बापाचा तिरस्कार वाचकाच्या मनावर ठसतो; पण तो मनुष्य त्या पायरीपर्यंत कसा पोहोंचला, हें समजून घेण्यास वाचकाला उसंत मिळत नाहीं.

आतां आपल्या घरचें उदाहरण घेऊं. रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. त्यास गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. पतिभक्तीचें पुस्तक म्हणून त्याची ख्याति आहे, व तें तसें आहेही. परंतु महादेव गोविंद रानडे हे आज जितके सर्वमान्य वाटतात तितके आपल्या हयातींत नव्हते, हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे. सनातनी त्यांस भ्रष्ट म्हणत आणि सुधारक त्यांस भित्रे म्हणत. १८७३ सालीं त्यांची पहिली पत्नी वारली तेव्हां ते एखाद्या विधवेशीं पुनर्विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढें मान वांकवून त्यांनीं त्याच वर्षीं एका अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें. ती मुलगी म्हणजे रमाबाई. लोकांनीं ज्या गोष्टीबद्दल रानड्यांस सर्वांत अधिक दोष दिला, ती गोष्ट म्हणजे स्वतः ही लेखिकाच होय ! दुसऱ्या कोणी हें प्रकरण चार ओळींत गुंडाळलें असतें. रमाबाई तें सविस्तर सांगतात. सासऱ्यांनीं लग्न कसें जुळविलें तें सांगतात. आणि लग्नाच्या दिवशीं आपले पति घरीं येऊन कोणाशीं न बोलतां खोलींत जाऊन बसले, हेंही सांगतात. स्वतःच्या लग्नाच्या दिवसाविषयीं एका पत्नीनें ही हकीकत नोंदवावी याहून निःस्पृह साक्ष कोणती ?

पंचहौद मिशनमधील चहाचें प्रकरण असेंच आहे. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या त्या मिशनमध्यें गेलेल्या मंडळींत रानडे, टिळक, गोखले हे सर्व होते. पुढें गांवांत वादळ उठलें, प्रकरण धर्मपीठापर्यंत गेलें, आणि १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. सुधारक पक्षाला हा मोठा धक्का होता. रमाबाई पतीनें दिलेलीं कारणें नमूद करतात. पण त्या प्रसंगीं स्वतःच्या मनाची झालेली घालमेल झांकून ठेवीत नाहींत. ज्याला रानड्यांवर टीका करावयाची आहे त्याला या पुस्तकांत पुरेशी सामग्री मिळते, आणि ज्याला त्यांचा आदर करावयाचा आहे त्यालाही मिळते. याचें कारण त्यांत निकाल दिलेला नाहीं. पाहिलेलें सांगितलें आहे.

दुसरें उदाहरण अधिक कठीण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्नी डॉ. सविता आंबेडकर यांचें ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हें पुस्तक १९९० सालीं निघालें. १५ एप्रिल १९४८ रोजीं दिल्लीस त्यांचा विवाह झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजीं बाबासाहेबांचें देहावसान झालें. आणि त्यानंतर त्या मृत्यूबद्दल या पत्नीवरच संशय घेण्यांत आला. चौकशी झाली, मृत्यु नैसर्गिक असल्याचें सरकारकडून संसदेंत सांगण्यांत आलें. तरी संशयाची कुजबुज थांबली नाहीं. म्हणजे येथें वादाचा विषय झालेली व्यक्ति चरित्रनायक नसून चरित्रलेखिका आहे. अशी लेखिका वकिली करणार नाहीं अशी अपेक्षा करणेंच चूक. त्या करतात, आणि कित्येक ठिकाणीं त्यांचा स्वर कडवट होतो. परंतु त्यांनीं एक गोष्ट अशी केली आहे कीं जिच्यामुळें पुस्तकाचें मोल वाढलें. बाबासाहेबांनीं त्यांस लिहिलेलीं पत्रें आणि त्यांच्या आजारांची तपशीलवार हकीकत त्यांनीं पुढें ठेवली. त्या स्वतः वैद्यकशास्त्राच्या पदवीधर होत्या; मधुमेह, संधिवात, रक्तदाब हीं दुखणीं केव्हांपासून व किती बळावलेलीं होतीं तें त्या डॉक्टरच्या नजरेनें सांगतात. लेखिकेचा एकही निष्कर्ष न पटणाऱ्या वाचकालाही हा पुरावा तपासतां येतो. मात्र मृत्यूनंतर चौतीस वर्षांनीं हें पुस्तक आलें, ही गोष्ट डोळ्यांआड करतां येत नाहीं. तोंवर पुष्कळ साक्षीदार निघून गेले होते, व लोकांचीं मतें पक्कीं झालेलीं होतीं.

आतां आम्ही त्या पुस्तकाकडे वळतों, ज्याचें नांव काढतांच कोणत्याही मराठी बैठकींत दोन तट पडतात. नथुराम गोडसे यानें ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्मा गांधींचा खून केला. १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाला येथें त्यास फांशी देण्यांत आली. त्याचा धाकटा भाऊ गोपाळ गोडसे यास कटांतील सहभागाबद्दल जन्मठेप झाली, व तो १९६४ सालीं सुटला. त्याचें ‘गांधीहत्या आणि मी’ हें पुस्तक १९६७ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत दिल्ली प्रशासनानें तें सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. पुस्तकानें हिंदु-मुसलमानांत वैर वाढेल असें सरकारचें म्हणणें होतें. मुंबई उच्च न्यायालयानें १९६९ च्या ऑगस्टांत तो हुकूम रद्द केला. न्यायालयाचा हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. परंतु पुस्तक छापण्याचा हक्क असणें निराळें आणि तें चरित्र म्हणून चांगलें असणें निराळें. पहिल्याचा निकाल न्यायाधीश देतो. दुसऱ्याचा वाचकानें द्यावयाचा असतो. आमच्याकडे या दोन गोष्टींची इतकी गल्लत झाली कीं बंदीचा विरोधक तो पुस्तकाचा चाहता, आणि पुस्तकाचा टीकाकार तो बंदीचा समर्थक, असें समीकरणच होऊन बसलें.

चरित्र म्हणून पाहतां हें पुस्तक मुख्यतः बचावाचें भाषण आहे. लेखक २० जानेवारी १९४८ रोजीं, पहिला प्रयत्न फसला त्या दिवशीं, बिर्ला भवनांत स्वतः हजर होता. याहून जवळचा साक्षीदार कोण असणार ? परंतु त्याची बहुतेक शक्ति फाळणी, पंचावन्न कोटी रुपये आणि त्या वेळचें राजकारण यांच्या युक्तिवादांत खर्च होते. हा युक्तिवाद नथुरामनें न्यायालयांतही केला होता. त्यासाठीं भावाची गरज नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एक वृद्ध प्रार्थनेस चालला असतां त्याच्यावर गोळ्या झाडाव्या, हें एका घरांत वाढलेल्या माणसाच्या मनांत कसें उतरलें, घरांत तें कोणास कळलें, कोणीं विरोध केला, पुढें त्या कुटुंबांतल्या बायका-मुलांचे दिवस कसे गेले, हें सांगण्यास भाऊच हवा होता. त्या ठिकाणीं वकील बोलतो. आणि खून झाला तेव्हां दुसरेंही एक घर उद्ध्वस्त झालें होतें. नथुरामला फांशी देऊं नये अशी विनंति करणाऱ्यांत मणिलाल व रामदास हे गांधीजींचे दोन पुत्र होते. ज्या हकीकतींत अशीं माणसें आहेत ती हकीकत एका पक्षाच्या कैफियतींत मावत नाहीं.

इतकें असूनही हें पुस्तक व या भावाच्या मुलाखती फेंकून द्याव्या असें आम्ही म्हणणार नाहीं. आधींचे मुलगे दगावल्यामुळें नथुरामला लहानपणीं मुलीप्रमाणें वाढवून नाकांत नथ घातली, व त्यावरूनच तें नांव पडलें, ही हकीकत कुटुंबांतूनच बाहेर आली. आशीष नंदी यांच्यासारख्या अभ्यासकांनीं तीवर पुढें बराच विचार केला. त्याहून बोधप्रद गोष्ट दुसरी आहे. नथुरामनें न्यायालयांतील निवेदनांत आपण राष्ट्रीय स्वयंसेवक संघ सोडून हिंदुमहासभेंत काम करूं लागलों असें सांगितलें होतें. १९९४ सालीं एका इंग्रजी पाक्षिकास दिलेल्या मुलाखतींत गोपाळ गोडसे म्हणाले कीं भावानें संघ सोडलेलाच नव्हता, संघ अडचणींत येऊं नये म्हणून तसें म्हटलें होतें. संघाचें म्हणणें याच्या उलट आहे. या वादांत आम्हांस येथें पडावयाचें नाहीं. आमचा मुद्दा एवढाच कीं बचावाच्या भाषणांत जें सांपडत नाहीं तें त्याच भावाच्या तोंडून पंचेचाळीस वर्षांनीं बाहेर पडतें. तें खरें कीं खोटें हें इतर पुराव्यांशीं ताडून ठरवावें लागेल. पण आप्ताच्या प्रत्येक शब्दावर तो केव्हां व कोणापुढें उच्चारला याची तारीख असली पाहिजे, एवढें यावरून निश्चित ठरतें.

त्याच खुनाच्या पलीकडच्या बाजूचें एक चरित्र येथें तुलनेस घेण्यासारखें आहे. गांधीजी गेले तेव्हां देवदास गांधींचे पुत्र राजमोहन हे बारा वर्षांचे होते. त्यांनीं आजोबांचें विस्तृत इंग्रजी चरित्र २००६ सालीं प्रसिद्ध केलें. १९२० च्या सुमारास गांधीजींच्या मनांत सरलादेवी चौधुराणी यांच्याविषयीं जी ओढ निर्माण झाली, तिचा उच्चार पूर्वींच्या बहुतेक भक्त-चरित्रकारांनीं टाळला होता. नातवानें तें प्रकरण पत्रांच्या आधारें, आरडाओरड न करतां, मांडलें. हें पान लिहिणें परक्याला सोपें व नातवाला अवघड होतें. आणि अवघड होतें म्हणूनच तें नातवाच्या हातून आल्यावर अधिक विश्वसनीय ठरलें. आजोबांवरील त्यांची श्रद्धा या पानामुळें कोठें ढळलेली दिसत नाहीं. श्रद्धा आणि साक्ष एकत्र नांदूं शकतात याचें हें उत्तम उदाहरण होय.

या सर्वांवरून आमच्यासारख्या सामान्य कुटुंबांतील लेखकाला कांहीं व्यावहारिक सूचना करतां येतील. आपलें चरित्रनायकाशीं नातें काय, त्याच्या नांवामुळें आपलें काय भलें अथवा बुरें झालें, हें पहिल्याच पानावर सांगून टाकावें. चर्चिलच्या वाचकाला जें स्वतः शोधून काढावें लागतें तें आपल्या वाचकाला शोधावें लागूं नये. पाहिलेलें व ऐकलेलें यांची सरमिसळ करूं नये. ‘आई सांगत असे’ या दोन-तीन शब्दांनीं पुष्कळ प्रामाणिकपणा साधतो. विरोधकांचा मुद्दा द्यावयाचा तर त्यांतला सर्वांत दुबळा उचलूं नये, सर्वांत बळकट द्यावा, आणि त्यांच्या शब्दांत द्यावा. जें पत्र वाचून स्वतःला त्रास झाला तें तर मुळींच वगळूं नये. अखेरीस मूळ कागद आपल्याच कपाटांत न ठेवितां त्यांची एक प्रत तरी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ अशा एखाद्या संस्थेकडे देण्याची खटपट करावी, म्हणजे आपण काय घेतलें व काय सोडलें हें पुढच्या पिढीस पडताळतां येईल.

यावर एक आक्षेप आम्हांस अपेक्षित आहे. मेलेल्या माणसाला उत्तर देतां येत नाहीं. त्याच्या घरच्यांनींच त्याचे दोष चव्हाट्यावर आणावे हें कोणत्या संस्कारांत बसतें? आक्षेप क्षुल्लक नाहीं. १८६० च्या दंडसंहितेनेंही मृताची बदनामी हा गुन्हा मानला होता, तो घरच्यांच्या भावना दुखविण्याच्या हेतूनें केलेल्या आरोपांपुरता. म्हणजे कायद्यानेंही कुटुंबाच्या दुःखाचा मान राखला आहे. परंतु दोष चव्हाट्यावर आणा असें आम्ही म्हणतच नाहीं. ज्या माणसाचें नांव चव्हाट्यावर आलेलेंच आहे, त्याच्याविषयीं बाहेर दोनच चित्रें फिरत असतात, एक देवाचें व एक राक्षसाचें. घरच्यांनीं मौन धरलें तर तीं दोनच उरतात. संपांत मध्येंच कामावर गेलेला गिरणी-कामगार हा फितूर, एवढेंच जगाला माहीत असतें. त्या सकाळीं घरांत दुखणेकरी कोण होतें, डब्यांत पीठ किती होतें, आणि वाळींत पडल्यावर तो मनुष्य पुढें कोणाशीं कधीं मोकळेपणानें बोलला नाहीं, हें त्याच्या मुलीला माहीत असतें. यानें त्याच्या कृत्याचें समर्थन होत नाहीं, आणि तिनें तें करूंही नये. तिनें एवढेंच लिहावें, आणि ज्या सहकाऱ्यांनीं संप सोडला नाहीं त्यांच्या घरांतही पीठ नव्हतें, हेंही लिहावें.

असें पुस्तक लिहिलें गेलें तर त्याचा पहिला वाचक बहुधा घरांतलाच असतो, आणि तोच सर्वांत कठोर असतो. भाऊबंद रागावतील, कोणी येणें-जाणें सोडील, ‘आतां हें उकरून काय मिळविलें ?’ असें विचारील. रमाबाईंच्या पुस्तकाला आज शंभरांहून अधिक वर्षें झालीं. त्यांनीं आपल्या लग्नाच्या दिवसाची हकीकत गाळली असती तर कोणी त्यांस दोष दिला नसता. मात्र रानडे हा मनुष्य आज आपल्याला जितका कळतो तितका कळला नसता. ज्यांच्या माळ्यावर अजून एखादी ट्रंक शिल्लक आहे त्यांनीं ती रद्दीवाल्याकडे देण्यापूर्वीं एकवार उघडून पाहावी, एवढीच आमची विनंति आहे.